वळणावरचं शिंग

“मोजलंस का गं? जितक्यांदा शिंग, तितकी ताटं!”

हेटी आत्याची ही हाक मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा सात वर्षांची होते. आमच्या लार्किन हॉटेलचं स्वयंपाकघर तेव्हाही असंच भाजलेल्या मक्याच्या वासाचं होतं. घोडागाड्यांच्या काळात ओढ्यापलीकडच्या वळणावर गाडीवान शिंग फुंकायचा. गाडीत जितके उतारू, तितक्यांदा. ते ऐकून इथं ताटं ऊन करून मांडायची. १८७१च्या पुरात क्लेम गाडीवानानं सहादा शिंग फुंकलं आणि गाडी ओढ्यात गेली. सहा ताटं तशीच निवली. पुढं रेल्वे आली, गाड्या बंद झाल्या. शिंग मात्र थांबलं नाही, असं आत्या म्हणते.

मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वळणावर पाण्याच्या जुन्या टाकीचा फुटका नळ आहे, त्यातून वारा वाजतो. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

परवा रविवारी हॉटेलचा वाढदिवस होता. भर दुपार, लख्ख ऊन. ओसरीवर कुणी फिडलच्या तारा जुळवत होतं. माझी लेक ऑड्रा आणि जावई वेस यायचे होते. गेल्या वर्षी तिला चौथा महिना असताना ती दोघं इथं जेवून गेली आणि पंधरा दिवसांत बाळ पोटातच गेलं. त्यानंतर ती पहिल्यांदाच येत होती. तिनं पोटभर जेवावं, एकदा तरी खळखळून हसावं, एवढंच मला हवं होतं.

मी खिडकीशी दोन ताटं मांडली.

अठ्ठ्याऐंशी वर्षांची आत्या घेवडा सोलता सोलता गुणगुणत होती,

“वळणावरती शिंग वाजलं, ताटं मांडा गं मोजून,
येणारा तो येतो बाई, आधी वर्दी देऊन…”

वळणाकडून आवाज आला आणि ती मध्येच थांबली.

“तिसरं मांड.”

“आत्या, दोघंच येतायत.”

“मास्तरीणबाई, जन्मभर पोरांना मोजायला शिकवलंस, आणि तुला तीन येत नाहीत?”

“वारा आहे तो.”

“कुठला वारा? तो झेंडा बघ.”

झेंडा काठीला चिकटून लोंबत होता.

तिसरं ताट तिनंच मांडलं. फडताळातलं, लहानसं, निळ्या काठाचं.

वेस दारातूनच ओरडला, “आत्या, कोंबड्या किती भाजल्यात? मी एकटाच चौघांचं खाणार!”

“तुझं पोट की धान्याचं कोठार रे?” आत्यानं त्याच्या गालाला पीठ फासलं.

ऑड्रा हसली. मग तिचं लक्ष टेबलाकडे गेलं.

“तिसरं कोणाचं?”

तिनं त्या रिकाम्या ताटावर तळवा ठेवला.

“गरम आहे.”

बाकीची दोन गार होती.

“आई,” ती हळूच म्हणाली, “चौथा महिना लागलाय. भीतीनं सांगितलं नव्हतं.”

आत्यानं टाळ्या पिटल्या. घेवडा जमिनीभर सांडला. वेस रडत होता की हसत होता, कळेना. ओसरीवर फिडल सुरू झालं.

ऑड्रानं माझं मनगट धरलं.

“मागच्या खेपेला किती वाजलं होतं?”

आत्या तेव्हा दवाखान्यात होती. स्वयंपाकघरात मी एकटीच होते.

वारा, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

“दोनदा,” मी म्हणाले. “मी मोजलं होतं. आज तीनदा.”