सतरावा फोटो

दिवा राहू दे तिथेच. बोलताना समोरच्याचा चेहरा दिसलेला मला बरा वाटतो. पंधरा वर्षं चेहरेच टिपत आलेय, दुसरं काय येतं मला.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार होता. मी माझ्या गावाहून, माऊनहून, सकाळच्या बसने वाळवंटातल्या गांझीला निघाले होते. काम साधं होतं. दोन फिल्मा, बारा-बारा फोटोंच्या. छातीशी धरून वरून काचेत बघायचा तो माझा जुना कॅमेरा, एक तिपाई आणि मागे लावायला पांढरी चादर. संध्याकाळी तिथल्या सभागृहात मारोक लोकांचा कार्यक्रम होता, आणि त्याआधी दुपारी मला त्यांचे चेहरे हवे होते.

मारोक म्हणजे आमच्याकडची हेवी मेटल वाजवणारी-ऐकणारी मंडळी. ऑगस्टच्या कोरड्या उन्हातही अंगभर काळं कातडं, त्यावर साखळ्या, खिळे, कुणाच्या पट्ट्याला बैलाचं शिंग, डोक्यावर गुराख्याची रुंद टोपी. रस्त्याने ओळीत चालत आले की कुत्रीसुद्धा बाजूला होतात. परक्या माणसाला वाटावं, हे भांडायलाच निघालेत. पण म्हातारीची पाण्याची कॅन उचलायला पहिला हात ह्यांचाच पुढे येतो. आठवडाभर कुणी गुरं राखतो, कुणी शाळेत शिकवतो, कुणी बोअरवेलचे पंप दुरुस्त करतो. शनिवारी तीच माणसं कॅमेऱ्यासमोर राजासारखी उभी राहतात. मी मंत्र्यांचे फोटो काढलेत, लग्नांचे काढलेत. इतकं सरळ उभं राहणारं दुसरं कोणी मी पाहिलं नाही.

आणि त्या सगळ्यांत उंच होता टिरेलो. गुरांच्या फार्मवर कामाला, आणि शनिवारी बेस गिटार वाजवायचा. वाजवताना डोळे मिटायचा, आणि तो सूर कानाला नाही, जमिनीतून पायाला कळायचा. नऊ वर्षं तो माझ्यासोबत हिंडला. पाण्याच्या पिंपाचं गोल झाकण घेऊन त्यावर त्याने चकचकीत कागद चिकटवला होता. ती तबकडी घेऊन माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा आणि उन्हाचा कवडसा समोरच्याच्या चेहऱ्यावर पाडायचा. मी खाली काचेत बघत नुसतं म्हणायचे, "थोडं वर, टिरेलो," की उजेड गालावर चढायचा.

"तुझा काढू का आता?" मी दर वेळी विचारायचे.

"आधी ह्यांचे काढ. मी कुठे पळून चाललोय?"

मागच्या वर्षी कार्यक्रमाहून परतताना, रात्री उशिरा त्याची गाडी मोठ्या रस्त्यावर उलटली आणि तो गेला. समोर जनावर आलं असावं. तबकडी गाडीतच होती. तिचं चेपलेलं पान झालं होतं. ह्या वर्षीचा कार्यक्रम त्याच्या आठवणीसाठी होता.

सभागृहाच्या मागच्या भिंतीवर मी चादर ताणून बांधत होते तेव्हा गोफाओने आला. त्याला सगळे खिळा म्हणतात. तो दवाखान्यात पोरांना लस टोचतो, म्हणून.

"ओना, टिरेलोची आई आलीय," तो हळू म्हणाला. "तुला भेटायचंय तिला."

ती सावलीत खुर्चीवर बसली होती. खांद्यावर निळी घोंगडी, पायांत मुलाचे असावेत असे मोठे बूट. मी गुडघे वाकवून दोन्ही हातांनी तिचा हात हातात घेतला.

"पोरी, सगळे म्हणतात तू सगळ्यांचे फोटो काढलेस. त्याचा एक दे. कबरीच्या दगडावर बसवायचाय. मोठा नको, तळहाताएवढा."

नऊ वर्षांत शेकडो फोटो, आणि टिरेलो एकातही नव्हता. तो कायम माझ्या बाजूला होता, कॅमेऱ्याच्या अलीकडे.

"आई, माझ्याकडे... नाहीये."

ती रागावली नाही. "असू दे," एवढंच म्हणाली आणि घोंगडी सावरली. ती रागावली असती तर मला सोसलं असतं.

मी कामाला लागले. एकेक जण चादरीसमोर येऊन उभा राहायचा, एकेकाचा एकच फोटो. "लेन्समध्ये बघ," मी म्हणायचे. मग मान खाली घालून काचेत पाहायचे. काचेत जग उलटं दिसतं, उजवं डावीकडे. त्याची सवय होते. सगळे बरोबर लेन्समध्ये बघत होते. मी प्रत्येकाच्या डोळ्यांत डोळे घालून बटण दाबलं, हे मी शपथेवर सांगेन.

पाचव्या फोटोच्या वेळी मागून कातड्याची करकर ऐकू आली. नवं कातडं करकरतं तशी नाही. घामाने, धुळीने मुरलेलं जुनं कातडं वाजतं तशी, दमदार. सोबत खोगिराला लावतात त्या चरबीचा वास. रांगेतलं कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं असेल, मी मान वळवली नाही. समोर एक बोअरवेलवाला उभा होता, भुवईवर जुनी जखम, आणि त्याच्या डोळ्यांखाली सावली पडत होती. मी काचेत बघत सवयीने म्हणून गेले,

"थोडं वर, टिरेलो."

उजेड गालावर चढला.

मी बटण दाबलं. फिल्म पुढे सरकवली. आणि मग माझ्या हातांना कळलं की तोंड काय बोलून गेलं. डावीकडे पाहिलं. कोणी नव्हतं. लाल वाळू, काटेरी झुडूप, कुंपणाची तार. ढग सरकला असेल, मी मनाशी म्हटलं. गांझीच्या ऑगस्टमध्ये ढग नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी तसं म्हटलं. रांग उभी होती, ऊन उतरत होतं, आणि खरं सांगू का, उजेड इतका सुंदर पडत होता की थांबावंसं वाटेना.

सतरावी आली पेओ. एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच काळ्या जाकिटात. जाकीट तिच्या मावशीने जुन्या सोफ्याच्या खोळीतून शिवलं होतं.

"ताई, चांगलं दिसतंय ना?"

"झकास. कुणाच्या सोफ्याचं?"

"गावप्रमुखाच्या. आता त्याच्यावर कोण कोण बसलं होतं ते विचारू नकोस."

रांग हसली. तीही हसली, हनुवटी वर करून उभी राहिली, बूट रोवून. हसरी आणि निर्भय. मी बटण दाबलं. त्या एका वेळी काच जरा काळवंडल्यासारखी वाटली. मी पुसली आणि पुढच्याला बोलावलं.

चोविसावा फोटो टिरेलोच्या आईचा. तिनेच मागितला. "माझाही काढ. त्याच्या दोस्तांबरोबर असू दे." बूट वाळूत घट्ट रोवून ती उभी राहिली, त्या सगळ्यांइतकीच ताठ.

संध्याकाळी त्यांनी वाजवलं. बेस गिटार कोणीच हातात घेतली नाही, ती नुसती खुर्चीला टेकवून ठेवली होती. तरीही माझ्या पायांना जमीन थरथरताना कळत होती. मी खिळ्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

माऊनला परतल्यावर मंगळवारी दुपारी मी दोन्ही फिल्मा धुतल्या. माझी अंधारी खोली म्हणजे मागची न्हाणी. खिडकीला काळं घोंगडं, एक लाल दिवा, औषधांचा आंबट वास. बाहेर शेजारीण तळणीत पिठाचे गोळे सोडत होती, त्याचा चर्र आवाज येत होता. पहिला कागद औषधात टाकला. पांढऱ्यावर हळूहळू टोपी आली, भुवया आल्या, मग डोळे.

डोळे लेन्समध्ये नव्हते.

ते लेन्सच्या बाजूला बघत होते, माझ्या डाव्या खांद्याच्या वर. उंच माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तसे. दुसरा कागद. तोच रोख. तिसरा... चौथा... मी एकामागून एक टाकत गेले. बाहेरचं तळण कधी थांबलं कळलं नाही. ज्याला पाहावं त्याची नजर त्याच जागी. आणि कुणाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती. लांबच्या प्रवासाहून भाऊ परतला की दारात चेहरा होतो ना, तसे ते चेहरे झाले होते. ती दणकट, साखळ्या ल्यालेली माणसं. इतके कोवळे मी त्यांना कधी टिपले नव्हते.

मग मी भिंग घेतलं. ज्याच्यावर भिंग धरावं त्याच्या बुबुळात उन्हाचा एक ठिपका होता, तो असतोच. त्याच्या बाजूला दुसरा होता. गोल. तबकडीचा असतो तसा.

मी न्हाणीच्या फरशीवर बसले. रडले का, भ्याले, आता सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

पुढच्या रविवारी चोवीसही फोटो घेऊन टिरेलोच्या आईकडे गेले. म्हटलं, तिला सांगितलंच पाहिजे. अंगणात चटई होती, चुलीवर मांस शिजत होतं. मी काही बोलायच्या आधीच तिने फोटो चटईवर एकेक मांडायला सुरुवात केली. पहिल्या तीन-चारांनंतर तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, जास्त सावकाश. स्वतःच्या फोटोपाशी ती खूप वेळ थांबली. त्यात तिचा हात किंचित वर उचललेला होता, कुणाची कॉलर नीट करावी तसा.

"तो इथे होता," ती म्हणाली. "तुझ्या बाजूला."

"हो, आई."

"मग त्याचा फोटो नाही असं का म्हणालीस? हा काय." तिने सगळ्या चेहऱ्यांवरून हात फिरवला. "कुणी कुणाकडे असं बघतं का उगाच? दगडावर हेच लावीन. त्याचा चेहरा मला पाठ आहे. लोक त्याच्याकडे कसे बघायचे, ते मला कुठे ठाऊक होतं?"

माझ्या छातीवरचं वर्षभराचं ओझं त्या क्षणी उतरलं. चहा झाला, मांस झालं. खिळाही आला, फोटोंसमोर हात बांधून उभा राहिला आणि नाक ओढत म्हणाला, "साला, मेल्यावरपण काम करतोय." टिरेलोची आई पहिल्यांदा हसली.

इथेच संपलं असतं, तर ही गोष्ट मी दिवसाढवळ्या सांगितली असती.

फोटो गोळा करताना तिने एक वेगळा काढला. पेओचा. मी तो न्हाणीत नीट पाहिलाच नव्हता, इतरांतला एक म्हणून वाळत घातला होता. पेओची नजर माझ्या डावीकडे नव्हती. उजवीकडे होती, आणि खाली. माझ्या कमरेच्याही खाली, आणि जरा दूर, मोकळ्या वाळूवर. ती हसतही नव्हती. कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि आपण वाकून ऐकतोय, असा तो चेहरा होता. चेहऱ्याची डावी बाजू काळी होती. बुबुळात दुसरा ठिपका नव्हता. ह्या एकाच फोटोला टिरेलोने उजेड धरला नव्हता.

"ह्यात माझा मुलगा नाही," ती म्हणाली. "तो बाजूला सरकलाय."

"मग ती कुणाकडे बघतेय?"

म्हातारीने फोटो पालथा घातला आणि त्यावर तळहात ठेवला.

"तिथे जे आहे, ते आमच्या माणसांतलं नाही. हा त्या पोरीला देऊ नकोस."

दिला नाही. पेओने निरोपावर निरोप पाठवले. मी म्हटलं, तेवढा एक खराब झाला. मागच्या गुरुवारी ती माऊनला नर्सिंगच्या मुलाखतीसाठी आली आणि सरळ माझ्या दारात उभी राहिली, जाकीट घालून.

"सगळ्यांचे छान आले आणि माझाच खराब? मी इतकी वाईट दिसते काय गं?"

नाही म्हणायला काही कारण सापडेना. भर दुपार होती. अंगणात, भिंतीशी उभी करून तिचा एक फोटो काढला. ती मस्त उभी राहिली, पहिल्यासारखीच. मला तिचा अभिमान वाटला. एकटी येते, मुलाखत देते, त्या सोफ्याच्या खोळीत सिंहिणीसारखी चालते. मागून करकर आली नाही. चरबीचा वास आला नाही. मी वाट पाहिली, पण माझ्या डाव्या हाताला कोणी नव्हतं.

"झालं?" ती म्हणाली. "ह्या वेळी खराब करू नकोस हां. बसची वेळ झाली, पळते मी."

फाटक माझ्या उजव्या बाजूला होतं. ती बोलत बोलतच निघाली, मुलाखतवाल्या बाईंनी काय विचारलं ते सांगत होती. आणि माझ्या कोपरापाशी आल्यावर तिचा हात आपोआप खाली गेला. गुडघ्याच्या जरा वर. पायात घुटमळणाऱ्या पोराला डोक्याला धरून हलकेच बाजूला करतात, तसं तिने केलं, वळसा घेतला आणि फाटकाबाहेर गेली. बोलणं एका शब्दानेही तुटलं नाही. खाली तिने पाहिलंसुद्धा नाही.

ती फिल्म अजून कॅमेऱ्यात आहे.