बहात्तर पायऱ्या आणि एक लिफ्ट

"लिफ्ट सुरू होऊन तीन आठवडे झाले. तुम्ही अजून जिन्यानं का येता?"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुबडी भिंतीला टेकवून मी धापा टाकत होते. वर पाहिलं, तर लिफ्ट दुरुस्त करणारा! हातात पान्हा, गालावर ग्रीस, डोळ्यांत मिश्किली.

"व्यायाम," मी म्हटलं.

"गुडघा शिव्या घालतोय. इथपर्यंत ऐकू येतंय."

मला हसूच फुटलं. डावा पाय जन्मापासून अधू, पण बोंबलत होता तो चांगला उजवा. कचेरीत कुठली फाइल कुठे गेली याची नोंद मी ठेवते. माणसांच्या बाबतीतही तीच सवय. चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर पायऱ्या. वाटेत दोन 'वा!', एक 'पोरांना दाखवायला हवं', आणि साहेबांचं 'याला म्हणतात जिद्द!' खाली दाराशी माझा फोटो – 'ती थांबत नाही'. त्या फोटोसमोरून लिफ्टमध्ये शिरायचं कोणत्या तोंडानं? "गुडघ्याची नोंद मात्र कुणाकडेच नाही," मी पुटपुटले.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "सोमवारी इथे चार मिनिटं थांबलात. काल सात. आज... अकरा."

बाई गं! हा मला मोजत होता?

"दुरुस्ती तर संपली. मग रोज इथे काय काम?"

"देखरेख..." म्हणाला खरा, पण कान लालबुंद.

शुक्रवारी कचेरीचा वर्धापनदिन. मी जिना चढायचा, वर साहेबांनी गुच्छ द्यायचा. आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता ताणलात, तर उजवाही जाईल." जिन्यावर दुतर्फा फोन सरसावलेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला... आणि मागे घेतला. तो लिफ्टचं दार धरून उभा होता!

"अगं, लोक बघतायत," समारंभाला आलेली आई कुजबुजली.

"बघू देत की, आई."

मी लिफ्टमध्ये शिरले, मागोमाग तो. दार मिटलं.

"दमलेय मी." आयुष्यात पहिल्यांदा हे मोठ्यानं म्हटलं. केवढं हलकं वाटलं!

"मग टेका," त्यानं खांदा पुढे केला. छातीत ही धडधड – आणि एक पायरीसुद्धा चढले नव्हते!

"मला तू आवडतोस," मी म्हणून टाकलं.

"नोंद... पक्की?"

"पक्की."

दार उघडलं. समोर गुच्छ घेतलेले साहेब. "अहो, पायऱ्या?"

"आहेत तिथेच, साहेब. तुम्ही बघा ना चढून!" गुच्छ घेतला आणि तळमजल्याचं बटण दाबलं.

"आता परत खाली कशाला?" तो गोंधळला.

"देखरेख," मी म्हटलं, आणि त्याच्या खांद्यावर आणखी थोडी रेलले.