बाल शाखेने मानले आभार

"खोटं! साफ खोटं!" क्लबच्या सभागृहाच्या पायऱ्या उतरता उतरताच लिंबूने निकाल देऊन टाकला.

"अगं, हळू! आत ऐकू जाईल," रेडिओ म्हणाला. रेडिओने दुसऱ्याला हळू बोलायला सांगावं म्हणजे कमालच! सकाळी एकदा त्याचं तोंड सुरू झालं की झोपेपर्यंत बंद होत नसे, म्हणून वर्गाने त्याला हे नाव ठेवलं होतं. लिंबूला तिच्या आंबट जिभेमुळे लिंबू म्हणत. आणि रेडिओच्या धाकट्या भावाला बटण का म्हणत, तर त्याने लहानपणी शर्टाचं बटण गिळलं होतं.

"सचिवकाका म्हणाले, एकही व्हीलचेअर शिल्लक नाही, सगळ्या गरजूंकडे गेल्यात. यात खोटं काय?" रेडिओने विचारलं.

"बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. सारखा खिशातल्या किल्ल्यांशी चाळा! आणि मी विचारलं, नव्या खुर्च्या कधी येणार, तर म्हणतात कसे, 'पाणी पिणार का?' व्हीलचेअरचा आणि पाण्याचा संबंध काय? इथे नक्की पाणी मुरतंय!"

लिंबूचा जीव उगाच नव्हता तळमळत. तिची मावशी शिवणकाम करायची. गल्लीच्या त्या टोकाला तिचं छोटंसं दुकान होतं. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना ती स्टुलावरून पडली आणि पाय मोडला. शाळा उघडेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण हीच तर गणवेश शिवायची वेळ! वर्षाचं निम्मं काम मावशी या सुट्टीत करायची. घरात मशीन मावत नव्हतं आणि मावशी दुकानात जाऊ शकत नव्हती. लिंबूच्या बाबांनी आणि शेजारच्या दादांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून न्यायचा प्रयत्न केला, तर उंबऱ्यातच खुर्चीचा पाय मोडला! "एका घरात किती पाय मोडायचे!" म्हणून मावशी तेव्हा हसली होती. काल मात्र लिंबूने तिला बंद दाराआड रडताना ऐकलं. "गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की परत येत नाही गं ताई. दुकान सोडावंच लागणार बहुतेक," असं ती लिंबूच्या आईला सांगत होती.

"फट्! फट्! फट्!"

लिंबू दचकली. बटण मागून येत होता. त्याच्या हातात फुगे-फुगे असलेला प्लॅस्टिकचा कागद होता, आणि एकेक फुगा फोडताना त्याचा चेहरा आनंदाने फुलून गेला होता.

"हे कुठे मिळालं?"

"सभागृहाच्या मागे. कचऱ्याच्या डब्यात खूप आहे! मी आणखी आणू?"

तिघं मागे धावले. डब्याशेजारी पुठ्ठ्याचे खोके चपटे करून ठेवले होते. अगदी कोरे करकरीत! आणि प्रत्येक खोक्यावर चित्र होतं व्हीलचेअरचं.

"बघ!" लिंबू कुजबुजली. "खुर्च्या आल्यात. मग गेल्या कुठे?"

रेडिओने वर बोट दाखवलं. मागच्या खोलीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. गेल्या आठवड्यात तर ती खिडकी उघडी होती!

*

आता या क्लबचं थोडं सांगायला हवं. समाजसेवा करणाऱ्या मोठ्या माणसांचा तो क्लब होता. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवा सचिव. रुग्णांना वस्तू द्यायची एक समिती, झाडं लावायची दुसरी, आणि कोणती समिती काय करतेय ते बघायला तिसरी! दर आठवड्याला सभा भरायची. अध्यक्ष टेबलावरची घंटा वाजवायचे, की सगळे गप्प. यंदा अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. ते घंटा वाजवायचे तीसुद्धा जपून, कोणाचा दुखरा दात हलवावा तशी.

क्लबला एक बाल शाखाही होती. प्रत्येक क्लबने बाल शाखा काढलीच पाहिजे, असं वरच्या कचेरीने कळवलं, म्हणून काढलेली! लिंबू, रेडिओ आणि बटण हे तिचे सभासद. कामं तीनच. पेल्यांत पाणी भरणे, पाहुण्यांना फुलं देणे आणि सभेच्या शेवटी आभार मानणे.

"म्हणजे आपण आत जाऊ शकतो!" लिंबू म्हणाली. "पाणी भरायला आलोय, असं सांगायचं. कोण अडवतंय!"

दुसऱ्या दिवशी तिघं हातात पाण्याचे जग घेऊन हजर झाले. सचिवकाका व्हरांड्यात फोनवर होते. मुलांना बघताच त्यांनी पाठ फिरवली आणि आवाज खाली आणला. पण बाल शाखेचे कान तिखट होते.

"नाही हो, कोणालाच सांगितलेलं नाही... आत कुलपात आहेत सगळ्या... खिडकीसुद्धा झाकलीय. साहेबांचा निरोप आला की लगेच काढू बाहेर!"

रेडिओच्या हातातला जग डुचमळला. "साहेब! टोळीचा म्होरक्या असणार! रात्रीत ट्रक येईल, खुर्च्या भरतील, दुसऱ्या गावाला नेऊन विकतील आणि..."

"तोंड मिट," लिंबू म्हणाली. "निघाले बघ कुठेतरी. चला मागे!"

सचिवकाका बाजाराच्या रस्त्याला लागले. चालताना दोनदा मागे वळून बघितलं त्यांनी! दोन्ही वेळा बाल शाखा एका भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहून कढया न्याहाळू लागली. "काय हवंय, बाळांनो?" दुकानदाराने विचारलं, तर रेडिओ म्हणतो, "कढई आवडली, पण घरी विचारून येतो!"

सचिवकाका शेवटी शिरले ते एका कापडाच्या दुकानात. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सोनेरी फितीचं मोठं रीळ होतं.

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. चोराला सोनेरी फीत कशाला लागते?

"खुर्च्या बांधून न्यायला," बटण म्हणाला.

"दोरी स्वस्त पडते," लिंबू म्हणाली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. काहीतरी होतं खास, पण तिला वाटलं होतं ते नव्हतं.

संध्याकाळी सचिवकाका परत मागच्या खोलीत गेले. मुलं खिडकीखाली दबा धरून बसली. आतून फीत कापल्याचा कचकच आवाज येत होता. काका बाहेर पडून कुलूप लावून गेल्यावर रेडिओने बटणला खांद्यावर घेतलं. वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्याचा डिंक सुटला होता. बटणने तिथे डोळा लावला.

"काय दिसतंय? सांग ना! हाडं मोडली माझी!" रेडिओ कण्हला.

"खुर्च्या! डझनभर तरी आहेत! आणि सगळ्यांना सोनेरी फितीची फुलं बांधलीत. वाढदिवस आहे का त्यांचा?"

"वाढदिवस नाही, उद्घाटन आहे!" मागून आवाज आला.

सचिवकाका! ते विसरलेला चष्मा न्यायला परतले होते. रेडिओ गर्रकन वळला आणि बटण धप्पकन खाली आला. पण लिंबू जागची हलली नाही.

"तुम्ही म्हणालात, एकही खुर्ची नाही!" ती म्हणाली. "या कोणाला विकणार आहात?"

"विकणार?" काकांचा चेहरा पडला. "अगं पोरी, चोर वाटलो की काय मी तुला? या गावासाठीच आणल्यात! फक्त लोकार्पण व्हायचंय. आमच्या विभागाचे मोठे साहेब येणार, फीत कापणार, फोटो निघणार. साहेबांनी तीनदा तारीख पुढे ढकलली, त्याला मी काय करू? अध्यक्ष म्हणतात, फीत कापल्याशिवाय एकही खुर्ची बाहेर काढायची नाही. त्यांचं वर्ष संपत आलंय ना! पुढच्या अध्यक्षाच्या हातून लोकार्पण झालं तर फोटोत तो दिसेल."

"आणि तोवर माझ्या मावशीने काय करायचं?"

"थोडी कळ काढायची."

"दुसरं काय काढतेय ती!" लिंबूचा आवाज चिरकला. तिला रडू येत होतं आणि रडायचं मुळीच नव्हतं. "तिचं दुकान जाईल, काका. फोटोसाठी जाईल!"

सचिवकाका चष्मा न घेताच निघून गेले.

*

त्या रात्री मावशी पलंगावर बसून हातशिलाई करत होती. लिंबू तिला सुईत दोरा ओवून देत होती.

"मावशी, एखादं माणूस ऐकतच नसेल तर तू काय करतेस गं?"

"गिऱ्हाईक होय? कपडा वेळेत झाला नाही आणि ते भांडायच्या तयारीने आलं, की मी आधीच आभार मानते. म्हणते, 'तुम्ही थांबलात, किती समजूतदार तुम्ही!' मग कसलं भांडतंय! चांगलं म्हणून घेतल्यावर माणसाला वाईट वागायची चोरी होते."

लिंबूच्या हातातली सुई तशीच राहिली. आभार! बाल शाखेचं तिसरं काम!

सकाळी तिने रेडिओला गाठलं. "सभेला कोणताही सभासद एक पाहुणा आणू शकतो. आपण सभासद आहोत की नाही? आणि आभार मानणाऱ्याला मधेच कोणी थांबवत नाही. हो ना?"

"आजवर तरी मला कोणीच थांबवू शकलं नाही," रेडिओ अभिमानाने म्हणाला.

*

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. दाराशी गडबड उडाली म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. गल्लीतले इस्त्रीवाले काका एक दिवस धंदा बंद ठेवून आपली हातगाडी ढकलत आले होते आणि गाडीवर दोन उशांना टेकून, प्लास्टरचा पाय लांब करून, मावशी बसली होती!

"काय चाललंय हे?" अध्यक्षांनी घाबरून विचारलं.

"बाल शाखेच्या पाहुण्या!" लिंबू खणखणीत आवाजात म्हणाली. "नियमाप्रमाणे!"

सचिवकाकांनी संशयाने लिंबूकडे पाहिलं. लिंबूने त्यांच्याकडे पाहून गोड हसून दाखवलं. ती गोड हसते म्हणजे काहीतरी शिजतंय, हे ओळखून काकांनी घाम पुसला. मावशीला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या जोडून बसवलं, बटणने फुलं दिली. समित्यांनी आपापली कामं वाचली. मग अध्यक्ष म्हणाले, "आता बाल शाखा आभार मानेल."

रेडिओ उभा राहिला. त्याने सभासदांचे आभार मानले, घंटेचे मानले, पाण्याचेही मानले. आणि मग म्हणाला, "सगळ्यांत मोठे आभार आपल्या अध्यक्षांचे! मागच्या खोलीत डझनभर नव्या व्हीलचेअर आल्यात. दुसरा एखादा असता तर मोठ्या पाहुण्यांची, फोटोची वाट बघत बसला असता! पण आपले अध्यक्ष तसे नाहीत! आजच्या आज, आपल्या पाहुण्या मावशींच्या हातून फीत कापून, सगळ्या खुर्च्या ते गरजूंना देणार आहेत! असा मोठ्या मनाचा अध्यक्ष मिळाला, हे गावाचं भाग्य..."

टाळ्यांचा कडकडाट झाला! अध्यक्षांचं तोंड दात तपासायला उघडावं तसं उघडंच राहिलं.

शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, ताडकन उठल्या. "खुर्च्या आल्या? कधी? माझ्या शेजारच्या आजोबांना मी आजच सांगून आले, की अजून आल्या नाहीत म्हणून!"

"आमच्या समितीला कसं कळलं नाही?" दुसरे कोणी ओरडले. सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांवर खिळल्या. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी मात्र कोणाकडेही पाहिलं नाही. ते उठले, खिशातली किल्ली काढली आणि सरळ लिंबूच्या हातात ठेवली.

"जा, घेऊन या," ते म्हणाले. "माझ्याने परवापासून झोपवत नाहीये."

पहिली खुर्ची घरंगळत आत आली. तबकातली शोभेची कात्री मावशीने उचलली, चालवून पाहिली आणि नाक मुरडलं. "हिने लोणीसुद्धा कापायचं नाही!" मग आपल्या पिशवीतली शिवणकामाची कात्री काढली. एकदाच कच्च्! सोनेरी फीत दोन्हीकडे गळून पडली.

"डॉक्टर," खुर्चीत बसवल्यावर मावशी अध्यक्षांना म्हणाली, "मला या पोरांनी काही सांगितलं नव्हतं. पण तुम्ही आज माझं दुकान वाचवलंत. खरंच सांगते." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

अध्यक्षांनी खाली पाहिलं. लाजेने त्यांचे कान लाल झाले होते. "मी नाही वाचवलं, बाई," ते अखेर म्हणाले. "मी अडवून ठेवलं होतं. वाचवलं या तिघांनी. आम्ही इतकी मोठी माणसं, समित्या करत बसलो, आणि यांनी सेवा केली!"

"शाब्बास!" मोठ्या बाई म्हणाल्या. वर्गात त्या कधी कोणाला शाब्बास म्हणत नसत, म्हणून रेडिओसुद्धा क्षणभर गप्प झाला.

मावशी घरी गेलीच नाही. "थेट दुकानात!" तिने हुकूम सोडला. लिंबूने शटर वर ढकललं, मशीनवरची धूळ पुसली आणि संध्याकाळपर्यंत पहिल्या गणवेशाची बाही जोडूनही झाली.

त्याच सभेत ठरलं, की व्हीलचेअर द्यायचं काम यापुढे बाल शाखेकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबू मागच्या खोलीच्या दारात बसली होती, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या.

"इथे चाकाची खुर्ची मिळते म्हणे? माझ्या सासऱ्यांना हवी होती. अर्ज कोणाकडे द्यायचा? कोणत्या वारी यायचं? पुन्हा येऊ का मी?"

"पुन्हा कशाला?" लिंबू म्हणाली. "घर कुठे ते तेवढं सांगा. रेडिओ आणि बटणला हाक मारावी लागेल, पत्ता न ऐकताच तुमची खुर्ची घेऊन ते वळणापर्यंत पोचलेसुद्धा!"