बारा पावलांवरचा माठ

तहानलेल्याला पाणी देणे हा मनुष्याचा किमान धर्म आहे. तो ज्याने जाणूनबुजून मोडला, त्याला शिक्षा करण्याचा अधिकार मृतालाही उरतो काय, या प्रश्नाने गेले वर्षभर मला स्वस्थ झोप लागू दिलेली नाही. उत्तर माझ्याजवळ नाही. घडले ते सांगतो.

मी शहात्तर वर्षांचा आहे. औरंगपुऱ्यात राहतो. चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. भुताखेतांच्या गोष्टी मी कधी सांगितल्या नाहीत, आणि कुणी सांगू लागले तर उठून गेलो. या पानावर लिहितो आहे ते माझी नात स्वराली हिच्या आग्रहामुळे. यातला एकही शब्द पदरचा नाही.

रात्र नव्हती. काळोखही नव्हता.

गेल्या वर्षीच्या वैशाखातला दुसरा शनिवार. भर दुपार. ठिकाण, हर्सूल तलावाच्या अलीकडच्या वसाहतीतले माझ्या भाच्याचे, केशवचे, घर.

तिथे माझी धाकटी बहीण कालिंदी राहत असे. केशवची आई. वडिलांनी तिला नदीचे नाव दिले होते आणि तिने ते आयुष्यभर सांभाळले. चैत्र लागला की फाटकाबाहेर कडुनिंबाच्या सावलीत ती माठ भरून ठेवी. माठावर झाकण, झाकणाला साखळीने बांधलेला पितळी पेला. भाजीवाले, मजूर, तुरुंगात आपल्या माणसाला भेटायला निघालेल्या बायका... जो येई तो पिऊन जाई. माठ रिकामा झाला की लोक फाटक वाजवीत, आणि कालिंदी दुखऱ्या गुडघ्याने घागर घेऊन बाहेर येई.

त्या माघात वसाहतीत दोन घरे फुटली. दोन्ही भरदिवसा.

चैत्रात माठ बाहेर लागला, तसे केशवने मला सल्ल्यासाठी बोलावले. चोरीची सूचना देणारी यंत्रणा बसवायची होती. सम्यक नावाचा तंत्रज्ञ तीन माहितीपत्रके घेऊन आला होता.

"मामा, तुम्हीच बघा," केशव म्हणाला. "हे लोक पाणी मागायच्या बहाण्यानं येतात, घर हेरतात अन् जातात. आईला सांगून थकलो."

"पाणी मागणारा चोर नसतो रे," कालिंदी म्हणाली. "चोराला तहान लागायला सवड कुठंय?"

सम्यक हसला. केशवची पत्नी नीरजा हसली. केशव हसला नाही.

मी चष्मा लावून तिन्ही पत्रके वाचली. एकात केवळ दारांची राखण होती. दुसऱ्यात कॅमेरे होते. तिसऱ्यात घराच्या आत कुणी हलले तरी टिपणारे सेन्सर होते.

तिसऱ्यावर मी बोट ठेवले.

मीच ठेवले.

सम्यकने दुपारभर काम केले. दाराजवळ कीपॅड. जिन्याखाली भोंगा. एक सेन्सर हॉलच्या कोपऱ्यात, दुसरा स्वयंपाकघराच्या दारावर. पल्ला तपासण्यासाठी तो कालिंदीच्या खोलीच्या उंबऱ्यापासून हॉल ओलांडून स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत मोजत चालला.

"बारा पावलं," तो म्हणाला. "व्यवस्थित पकडतंय."

मग त्याने केशवला दोन बटणे दाखवली. "सगळेच बाहेर चाललात तर हे 'अवे'. कुणी घरात राहणार असेल तर हे 'होम'. अवेवर आतलं माणूस हललं तरी बोंब होते, सर. आधी तीन वेळा टिट् टिट् करतं, मग भोंगा. आजी घरात असल्या की होमच. दोनदा सांगतोय."

"कळलं," केशव म्हणाला.

"आणि भोंगा वाजला तर काय होतं?" कालिंदीने विचारले.

"पोलिस येतात," केशवने सम्यकच्या आधी उत्तर दिले. "म्हणून तू उगाच फिरत जाऊ नकोस. माझी इज्जत जाईल."

त्याच संध्याकाळी फाटकाबाहेरचा माठ आत आला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. कालिंदीने तक्रार केली नाही. पेल्याची साखळी सोडली आणि पेला आपल्या खोलीत नेला.

वैशाखातल्या त्या शनिवारी सकाळीच केशव आणि नीरजा लग्नासाठी नाशिकला गेले. परतले रविवारी तिन्हीसांजेला.

कालिंदी आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली होती. पाठ चौकटीला टेकलेली. डोळे स्वयंपाकघराकडे.

हातात पितळी पेला.

कोरडा.

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. त्या आठवड्यात नळ आलाच नव्हता आणि गच्चीवरची टाकी तळाला गेली होती. तिच्या न्हाणीघरात थेंब नव्हता. घरात पाणी होते ते त्या एका माठात.

"होमवर ठेवलं होतं, मामा," केशव रडत म्हणाला. "ती उठलीच नसेल."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

तेरावा झाला की मृताचा पुढचा प्रवास सुरू होतो, असे आम्ही प्रवचनकार लोकांना सांगतो. मीही त्या घरात बसून तसेच सांगितले.

चौदाव्या दिवशी दुपारी वीज गेलेली होती. मी हॉलमध्ये बसलो होतो. यंत्रणा बंद होती. कीपॅडवर एकही दिवा नव्हता. केशव स्वयंपाकघरात गेला. माठाचे झाकण काढल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आवाज आला. त्याने पेला ओठांकडे नेला असावा...

टिट्...

टिट्...

टिट्...

आणि भोंगा फुटला.

नीरजा धावली. तिने आकडे दाबले. काही झाले नाही. केशव पेला हातात घेऊन दारात आला, डोळे विस्फारलेले. घाबरून त्याने पेला खाली ठेवला.

आवाज थांबला.

त्याने पुन्हा पेला उचलला. पुन्हा तेच. भोंगा चालू असताना त्याने घोट घेऊन पाहिला. घोट घशाखाली उतरेना. हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला.

नीरजा प्यायली. शांतता. मी प्यायलो. शांतता.

फक्त केशव.

फाटकाशी शेजारचे रामकिसन पाटील येऊन उभे राहिले. शेती हर्सूलमागे, घर केशवच्या भिंतीला भिंत.

"पुन्हा वाजाया लागलं का, मास्तर?"

"पुन्हा म्हणजे?" मी विचारले.

ते चपापले. "त्या शनिवारी वाजलं व्हतं की. पाच बारी. पण केशवरावच बोलून गेले व्हते, म्हातारी मधी मधी वाजवंल, तुमी ध्यान देऊ नका..."

मी केशवकडे पाहिले. तो माठाकडे पाहत होता.

सम्यकला बोलावले. त्याने पेटी उघडली, बॅटरी काढली, आणि यंत्रात नोंदलेला तो दिवस आपल्या लॅपटॉपवर उघडला.

"वाचा," नीरजा म्हणाली.

"सकाळी सहा बारा, अवे मोड." त्याने बोट खालच्या ओळीवर सरकवले. "बारा चाळीस, हॉलमध्ये हालचाल. भोंगा. मोबाईलवरून बंद. मोबाईलवरून पुन्हा सुरू. एक पाच, हॉल. बंद. पुन्हा सुरू. एक पन्नास. अडीच. तीन दहा..." त्याने दुसऱ्या सेन्सरची नोंद उघडली. "किचनच्या सेन्सरवर काहीच नाही, ताई. आजी एकदाही तिथवर पोचल्या नाहीत. दर वेळी मागं फिरल्या."

तीन दहानंतर एकही ओळ नव्हती.

"तुम्ही मांडवात सारखा फोन बघत होतात," नीरजा हळू म्हणाली. "मी विचारलं तर ऑफिसचं काम म्हणालात."

"ती दार उघडून जाईल, कुणालाही हाका मारून पाणी देत बसेल, म्हणून..." केशव म्हणाला. "दोन दिवस खोलीत बसली असती तर काय बिघडलं असतं? मला काय माहीत पाणी..."

नीरजा उठून आत गेली.

सम्यकने सगळे स्क्रू काढले. कीपॅड, सेन्सर, भोंगा, तारा, सारे खोक्यात भरून तो घेऊन गेला. भिंतीवर चार भोके तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी केशवने पेला उचलला.

टिट्... टिट्... टिट्...

त्या चार भोकांतून भोंगा ओरडला. रामकिसन आपल्या अंगणात उभे राहून ऐकत होते. त्यांनी कानांवर हात ठेवले आणि घरात जाऊन दार लावून घेतले.

कार्यालयात तेच. ताक घेतले तरी तेच. तो माझ्या औरंगपुऱ्यातल्या घरी आला. माझ्या घरात घंटीदेखील नाही. त्याने माझा तांब्या उचलला, आणि आवाज माझ्या देवघरातून आला. दवाखान्यात दोनदा सलाईन लावले. त्यावर तो जगला. ओठ मात्र फुटले, जीभ लाकडासारखी झाली. चार दिवसांत माझा धष्टपुष्ट भाचा ओळखू येईना.

मला एकच उपाय ठाऊक होता. तर्पण.

मी त्याला त्याच घरात दक्षिणेकडे तोंड करून बसवले. दर्भ, तीळ, समोर तांब्याचे ताम्हन. भरल्या तांब्यातून मी त्याच्या ओंजळीत पाणी घातले. आईचे नाव, गोत्र उच्चारून "तृप्यताम्" म्हणत त्याने अंगठा आणि तर्जनी यांमधून पाणी सोडले.

धार मी डोळ्यांनी पाहिली.

ताम्हन कोरडे होते.

दुसरी ओंजळ. कोरडे. नुसते तीळ.

तिसऱ्या ओंजळीला मागे हॉलमध्ये... पाऊल वाजले.

अनवाणी टाचेचे. एक पाय किंचित ओढत टाकलेला. तो दुखरा गुडघा मी ओळखत होतो.

एक... दोन... तीन...

केशव मागे वळणार होता. मी त्याचा खांदा धरला.

नऊ... दहा... अकरा...

बारा.

स्वयंपाकघरात माठाचे झाकण सरकले. कुणीतरी पाणी प्यायले. सावकाश, पुष्कळ वेळ, पोट भरेपर्यंत. मग झाकण पुन्हा नीट बसवल्याचा आवाज आला. तिला वस्तू जागच्या जागी ठेवण्याची सवय होती.

आम्ही उठून पाहिले. सकाळी नीरजाने काठोकाठ भरलेला माठ आतून ठणठणीत कोरडा होता, जणू नुकताच भट्टीतून काढलेला.

केशव गुडघ्यांवर कोसळला. "आई, चुकलो. पाणी दे. एक घोट दे."



फाटक वाजले.

एक पन्नाशीची बाई उभी होती. डोक्यावर पदर, खांद्याला पिशवी. "मी दगडाबाई. लेकाच्या भेटीला आले व्हते जेलात. हितं माठ असायचा नं? घोटभर पाणी मिळंल का जी?"

"पाणी नाही, बाई," मी म्हणालो. त्या घरात हे वाक्य उच्चारताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिची नजर माझ्यामागे आलेल्या केशवच्या ओठांवर गेली. तिने पिशवीतून बाटली काढली. तळाशी दोन घोट होते.

"घ्या मालक. माझ्यापरीस तुमालाच जास्त गरज दिसतीया."

त्याने बाटली तोंडाला लावली. मी कानांवर हात दाबले.

आवाज आला नाही. पाणी घशाखाली उतरले.

तेव्हापासून केशवचा नेम असा आहे. अनोळखी दारात उभे राहून मागितलेले पाणीच त्याच्या घशाखाली उतरते. तेही एका दाराचे एकदाच. त्याच दारी पुन्हा गेला, की टिट्... सुरू होते. रोज सकाळी फाटकाबाहेरचा माठ तो स्वतः भरतो, पण त्यातला थेंब त्याला चालत नाही. मग पितळी पेला घेऊन उन्हात निघतो. हर्सूल संपले. आता पुढच्या वसाहती चालू आहेत. नव्या घरांच्या दारांवर कॅमेरे आहेत. आतून लोक त्याचे फुटलेले ओठ, हातातला पेला पाहतात.

पाणी मागायच्या बहाण्याने आलेला माणूस...

बहुतेक दारे उघडत नाहीत.

एक गोष्ट मी केशवला, नीरजाला, कुणालाच सांगितलेली नाही. आज प्रथमच लिहितो.

त्या शनिवारी दीड वाजता मला कालिंदीचा फोन आला होता.

"दादा, हा भोंगा हलू देईना रे. केशव फोन उचलत नाही. लई तहान लागलीय. तू येतोस का?"

मी नुकताच जेवून आडवा झालो होतो. "घटकाभर स्वस्थ बस," मी म्हणालो. "मी केशवला लावतो फोन."

"बरं," ती म्हणाली. माझे तिने आयुष्यभर ऐकले.

मला झोप लागली. उठलो तो पाचला. संध्याकाळी गीतेवर प्रवचन होते, त्याच्या तयारीत ते राहून गेले.

गेल्या मंगळवारी दुपारी दीड वाजता मी पाण्याचा तांब्या उचलला.

टिट्...

एकदाच. मग शांतता. मी पाणी प्यायलो.

काल मात्र दोनदा वाजले.

आता सव्वा वाजला आहे. तांब्या समोर भरून ठेवला आहे. अजून हात लावलेला नाही.

कालिंदी, बाळ, तुला पाणी पोहोचो. केशव, आज कुठल्यातरी दाराआडच्या माणसाला तुझी दया येवो. दगडाबाईचा मुलगा सुखरूप घरी परतो. आणि हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातल्या कुणालाही पाण्यापर्यंतची पावले मोजावी न लागोत.

शुभं भवतु.