खालचा ठोका

बातमी आली तो शनिवार अगदी रोजच्यासारखा उजाडला होता. ही ऐकीव गोष्ट नाही हं, पोरांनो. ज्याच्यावर गुदरली, त्याच्या तोंडून ऐकली आहे. जवळ सरका.

गावाबाहेरचं जुनं लाकडी कोठार दुरुस्त करून तिथं पाहुण्यांसाठी माहिती केंद्र व्हायचं होतं. काम दोघा सुतार भावांकडे. थोरला वर तुळईवर बसायचा. धाकटा खाली, सांध्यात बोटं घालून लाकूड सरळ धरायचा. खुंटी मारण्याआधी थोरला वरून दोनदा ठोकायचा. म्हणजे, 'मारू का?' धाकट्यानं हात काढून खालून एक ठोका दिला की, 'मार!' त्या ठोक्याशिवाय थोरल्यानं जन्मात खुंटी मारली नाही.

"अरे, तुझ्या ठोक्याची वाट बघत एक दिवस मी इथंच चिकटून बसेन," तो वरून ओरडायचा.

"बस की, दादा! पाहुणे तिकीट काढून बघतील तुला."

त्या शनिवारी शेवटची खुंटी तेवढी राहिली. थोरला छाती चोळत खाली उतरला. "आलोच," म्हणून घरी गेला. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. दादा गेला.

रात्री ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, त्यांचा हातोडा तेवढा आणा. उशाशी ठेवते."

चंद्र उगवायचा होता. धाकट्यानं कोठाराचं कुलूप काढलं. आत ताज्या भुशाचा वास. हातोडा बाकावरच होता. तो घेऊन वळला.

वर ठोका पडला.

मग दुसरा.

हातोडा तर याच्या हातात...

"दादा?"

...

वाट बघणारी शांतता. पुन्हा दोन ठोके. सावकाश.

एक ठोका दिला की खुंटी बसेल. काम संपेल. आणि काम संपलं की दादा...

त्यानं हातोडा खांबाशी नेला. ठोका मात्र दिला नाही.

तो पळाला.

काम महिनाभर बंद राहिलं. मग तो शिडीनं वर चढला. तुळईवर बोटभर धूळ. मधोमध, माणूस बसेल एवढी जागा मात्र लख्ख.

आता तिथं पाहुणे येतात. झाडणाऱ्याला ती जागा कधी झाडावी लागत नाही. खुंटी अजून चार बोटं बाहेर आहे.

खालचा ठोका द्यायचा राहिला आहे.