प्रतिखाडीतली चूक

हिराजी तांडेल दुपारी प्रयोगशाळेत शिरले, ते गुडघाभर चिखलासकट.

"पाय पूस, बाबा!" केतकी ओरडली.

"कशाला? तुमचं सगळं शिक्षण चिखलातच ना?"

केतकीची सहकारी इरावती हसली. समोरच्या पडद्यावर 'प्रतिखाडी' होती, संगणकात वाहणारी हुबेहूब खाडी.

"काका, पाणी जिथं जरा वेगात धावतं, तिथला गाळ उचलून नेतं," इरावतीनं दाखवलं. "चर खोल होतो. खोल झाला की त्यात आणखी पाणी शिरतं. जिथं पाणी मंदावतं तिथं गाळ बसतो आणि चिखलपठार चढत जातं. बस, एवढ्यावर खाडी वळणं बदलते."

"मग माझा चर बुजत का नाही?"

धक्क्याजवळचा चर यंदा बुजणार, असं प्रतिखाडी सहा वर्षं दरवर्षी सांगत होती. तसा अहवाल गेला की धक्का दूर हलणार आणि बायकांना पलीकडे चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला नेणारी हिराजींची होडी बंद होणार.

"तुझं यंत्र चुकतंय, पोरी."

"यंत्र चुकत नाही, बाबा. खाडीचंच काहीतरी मोजायचं राहिलंय."

"मग मोज की!" म्हणत ते ओहोटी गाठायला निघाले.

त्या रात्री ते झोपेतच गेले.

तीन महिन्यांनी इरावती हलकेच म्हणाली, "केतकी, प्रतिखाडीची चूक शून्यावर आलीय. खरा चरही बुजतोय. आता अहवाल पाठवता येईल."

पाऊस तोच, नदी तीच, समुद्रही तोच. बंद होती ती फक्त बाबांची होडी. केतकीनं प्रतिखाडीत एक भर घातली. रोज ओहोटीला एक होडी. तळ लागला की बाकीचे भरतीची वाट बघत बसतात. हा माणूस उतरून होडी ढकलतो. ढवळलेला गाळ ओसरत्या पाण्याबरोबर समुद्रात जातो.

सहाही वर्षांचे नकाशे खऱ्या खाडीशी तंतोतंत जुळले.

"म्हणजे आपली चूक म्हणजे काका!" इरावतीला हसू आवरेना, आणि रडूही. "आणि पुढं?"

"कुणी रोज ढकललं, तर चर राहील."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला केतकी बाबांची होडी घेऊन निघाली आणि चराच्या मध्यावर होडी रुतली. टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "उतर गो बाय! आणि ढकल बापासारखी, पुस्तकातल्यासारखी नको!"

केतकी उतरली. होडीला खांदा लावला. गाळाचा करडा ढग समुद्राकडे निघाला.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "चुकत मी होते. सहा वर्षं."