चौदा पिढ्यांची धास्ती

सकाळी नऊ वाजता टोमॅटोच्या रोपांचे ट्रे सराव-खोलीत जायचे आणि बाराला बाहेर यायचे. आत जाताना रोपं पंचवीस दिवसांची, लुसलुशीत, जराशा धक्क्यानं मान टाकणारी असत. बाहेर येताना देठांवर जांभळट झाक चढलेली असे, पानं जाड झालेली असत, आणि तीच रोपं त्याच दुपारी बेचाळीस अंशांच्या उन्हात लावली तरी उभी राहत. खोलीच्या भिंतींतल्या नळ्यांमधून तीन तास बारीक धुकं सुटायचं, एवढंच. ओतूरजवळच्या त्या रोपघरात रोज चारशे ट्रे असे तयार होत. धुक्याला सगळे ‘सावधक’ म्हणत, आणि ते शोधून काढलं होतं तिथल्याच संशोधक शलाका हांडेनं.

त्याआधी हेच काम दहा दिवसांचं होतं. घरात वाढलेल्या रोपाला वारा ठाऊक नसतो, थेट ऊन ठाऊक नसतं. एकदम बाहेर लावलं तर ते दोन दिवसांत करपतं. म्हणून पहिल्या दिवशी तासभर सावलीत, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग कोवळ्या उन्हात, मग वाऱ्यात, असं करत त्याला बाहेरची सवय लावायची आणि रोज संध्याकाळी परत आत आणायचं. हे ट्रे उचलणाऱ्या बारा बायका होत्या. त्यांच्यात सगळ्यांत मोठी ठकूबाई मुंढे. हातातल्या ट्रेकडे बघून ती सांगायची की याला आज पुरे झालं, किंवा हा अजून अर्धा तास बसेल. शलाका नोकरीला नवीन लागली तेव्हा तिला रोप बघायला शिकवलं ते ठकूबाईनंच.

ऊन चटकलं, पाणी कमी पडलं की पानं काही द्रव्यं तयार करतात. ती देठभर फिरतात आणि रोपाला सांगतात की दिवस कठीण आहेत, आवरून घे. शलाकानं अशी अकरा संकेतद्रव्यं वेगळी केली आणि चार वर्षं खपून त्यांचं मिश्रण बसवलं. ते पानांवर पडलं की रोपाला वाटे, आपण दहा दिवसांचं ऊन-वारं सोसून आलो आहोत. चाचणीत निम्मे ट्रे बायकांनी तयार केले, निम्मे धुक्यानं. शेतात दोन्ही सारखेच टिकले. फळं धुक्याच्या रोपांना थोडी जास्तच आली.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी ठकूबाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

“मॅडम, एक सांगू का?”

“सांगा ना, मावशी.”

“तुमची रोपं दिवसा चांगली उभी ऱ्हातात. आमच्यापेक्षा कणभर जास्तच. पण सांजच्याला सैल पडत नाहीत.”

“सैल म्हणजे?”

ठकूबाईनं दोन ट्रे आणून शेजारी शेजारी ठेवले. “हे बघा. हे दिवसभर सोसून आलंय, आता पानं सोडून बसलंय. आणि हे तुमचं. अजून अंग चोरून उभं हाये. घरी आलो, आता भ्यायचं कारण नाय, हे त्याला कुणी सांगितलंच नाय.”

शलाकानं पानांचा कोन मोजला. फरक खरा होता. अहवालात तिनं ‘संध्याकाळचा पर्णकोन’ असा एक रकानाही घातला. पण फळांच्या वजनाशी त्याचा काही संबंध लागेना, आणि अहवाल लांबत चालला होता. शेवटचा हात फिरवताना तिनं तो रकाना काढून टाकला. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात बारा बायकांचं काम थांबलं. त्यांना ते सांगायची जबाबदारी शलाकावर आली, कारण तिचं त्यांच्याशी जमायचं. दुसरं काही निघालं की बोलावू, असं ती म्हणाली. कुणी वाद घातला नाही. ठकूबाईनं एवढंच विचारलं, “आज बाहेर ठेवलेले ट्रे आत कोण घेणार?”

“आम्ही घेऊ,” शलाका म्हणाली. त्या संध्याकाळी ती एका बैठकीत अडकली आणि ट्रे बाहेरच राहिले.

सात वर्षांत सावधकाचं नाव सगळीकडे झालं. उन्हाळे वाढत होते, आणि त्या उन्हाळ्यांत टिकणारी टोमॅटोची रोपं एवढीच होती. सात जिल्ह्यांतली शेतं त्यांच्यावर होती, आणि पुढच्या रोपांचं बीही रोपघर याच झाडांपासून धरत असे. घरामागच्या बागांसाठी दहा-दहा रोपांची पुडकीसुद्धा जायची.

पहिली तक्रार अशाच एका बागेतून आली. संगमनेरच्या विमल कर्डिले पोस्टातून निवृत्त झालेल्या, अंगणात चाळीस झाडं लावणाऱ्या. फोनवर त्या रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या.

“पाणी दिलंय, ऊन अजून चढलेलंसुद्धा नाही, आणि झाडं दुष्काळ पडल्यासारखी पानं गुंडाळून बसलीत. फुलं येतात ती गळून जातात. माझं काय चुकतंय ते तरी सांगा.”

शलाका स्वतः गेली. सकाळचे सात वाजले होते, हवेत चांगला गारवा होता, माती बोटाला ओली लागत होती. तिनं एक पान तोडून खिशातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पानाच्या मागची छिद्रं, ज्यांतून झाड श्वास घेतं, ती घट्ट मिटलेली होती. भर उन्हात दुपारी दोनला मिटावीत तशी.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” ती म्हणाली. चहाचा कप देताना विमलताईंची नजर झाडांवरून हलत नव्हती.

महिनाभरात अशा तीनशे तक्रारी झाल्या. शलाकानं बियाणं तपासलं. जनुकं जशीच्या तशी होती. त्यांच्यावर बसणाऱ्या रासायनिक खुणा मात्र वेगळ्या दिसत होत्या. संकटात झाड आपल्या जनुकांवर अशा खुणा करून ठेवतं आणि संकट सरलं की हळूहळू पुसून टाकतं. बायकांच्या हातची रोपं रोज सोसत आणि रोज सावरत. धुक्यातल्या रोपांना तीन तासांत दहा दिवसांची धास्ती मिळाली होती, पण ती सरल्याची एकही संध्याकाळ मिळाली नव्हती. त्यांच्या खुणा पुसल्या गेल्याच नाहीत. त्या बियांत उतरल्या, त्या बियांच्या रोपांवर पुन्हा धुकं पडलं, आणि पुन्हा. वर्षाला दोन पिढ्या, सात वर्षांत चौदा. आता बी रुजत होतं तेच धास्तावलेलं.

सावधकाच्या आधीच्या बियाण्याचा साठा शीतगृहात होता. तो मधूनमधून पेरून ताजा करावा लागे, आणि ताजा करताना वेळ वाचावा म्हणून त्याही रोपांवर धुकं मारलं गेलं होतं. त्या कागदावर सही शलाकाचीच होती.

त्या दिवशी तिनं अहवालाचा पहिला मसुदा शोधून काढला. पर्णकोनाचा रकाना तिथं होता, आकड्यांनी भरलेला. तिला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. तिला सांगितलं गेलं होतं, तिनं ते मोजलं होतं, आणि मग तिनं ते पुसलं होतं.

धुक्यावर उतारा शोधायचा तिनं प्रयत्न केला. सावध करणारी द्रव्यं होती, पण सावरणं हे कुठल्या एका द्रव्याचं काम निघेना. सोसणं थांबल्यावर रोप तासातासानं आपोआप सैल पडतं, त्यात फवारता येण्यासारखं काही नव्हतं. मग तिनं सरकत्या पट्ट्यावर ट्रे ठेवून ते वेळापत्रकानं आत-बाहेर करून पाहिले. निम्मे करपले, निम्मे तसेच अंग चोरून उभे राहिले. कुठल्या ट्रेला केव्हा पुरे झालं, हे यंत्राला ओळखता येत नव्हतं. तिलाही येत नव्हतं. शिकवलेलं ती विसरून गेली होती.

ठकूबाई आता बेल्ह्याला लेकीकडे राहत होती. शलाका गेली तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

“या मॅडम. बसा.”

शलाकानं सगळं सांगितलं, रकान्याचंही. ठकूबाईचे हात लसणावर चालूच राहिले.

“तेव्हाच विचारलं असतं तर सांगितलं असतं,” ती शेवटी म्हणाली.

“तुम्ही सांगितलंच होतं, मावशी. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. माझं चुकलं.”

ठकूबाईनं मान हलवली. शलाकाचं चुकलं हे पटल्यासारखी ती मान हलली. माफ केल्यासारखी नाही.

“आता काय पायजे?”

“दहा दिवस या. ट्रे मी उचलेन. तुम्ही फक्त सांगा.”

ती आली, रोपांसाठी. रोपघराच्या मागं खुर्ची टाकून बसायची. शलाका एक ट्रे बाहेर आणायची, अठ्ठ्याण्णव रोपांचा. पहिल्या दिवशी वीस मिनिटांतच ठकूबाई म्हणाली, “घ्या आत. बास झालं त्यांना.” दुसऱ्या दिवशी पंचवीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी वारा सुटला तेव्हा पाचच. रोपाला पुरे झालं का हे कळायला तळहात शेंड्यांवरून अलगद कसा फिरवायचा, हे तिनं पूर्वीसारखं पुन्हा दाखवलं. शलाकाचा हात पहिल्यांदा जड पडला. चौथ्या दिवशी ठकूबाई काही बोलली नाही, म्हणजे बरा पडला असावा. संध्याकाळी ट्रे आत आणल्यावर दोघी तासभर त्याच्याजवळ बसत. सहाव्या दिवसापर्यंत एकही पान सैल पडलं नाही.

दहाव्या संध्याकाळी ठकूबाई पुढं वाकली आणि बोटानं मोजू लागली. सात रोपांची पानं खाली उतरली होती. बाकीची एक्याण्णव तशीच ताठ होती.

“सात,” ती म्हणाली. “या सातांचं बी धरा. त्यांची पोरं अशीच बाहेर काढा, अशीच आत घ्या. मग त्यांची पोरं. लगेच नाय व्हायचं. चौदा पिढ्या भेवडवलंय त्यांना.”

शलाकाच्या मनात हिशोब चालूच होता. सात जिल्ह्यांचं बियाणं, हजारो ट्रे, निदान पाच-सहा वर्षं. “एवढे ट्रे मला एकटीला जमणार नाहीत,” ती म्हणाली.

“माझ्याच्यानं तर नायच.” ठकूबाई खुर्चीत मागं टेकली. “बाकीच्या अकरा जणी कुठं हायेत, ठाऊक हाये का तुम्हाला?”

शलाकाला ठाऊक नव्हतं. सात वर्षांत तिनं कधी विचारलंच नव्हतं. ठकूबाईनं एकेक नाव सांगितलं आणि तिनं ती लिहून घेतली. दोघी वारल्या होत्या. एक डोळ्यांनी अधू झाली होती. तिघींचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नव्हता. उरल्या पाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिला फोन रंजना गवारीला लावला. रंजना आता चाकणला एका कारखान्यात खोकी बांधायचं काम करत होती. मागून यंत्रांचा आवाज येत होता. शलाकानं ओळख दिली, झालेलं सगळं सांगितलं आणि परत यायची विनंती केली.

“रोपं परत पहिल्यासारखी व्हायला किती वर्षं लागतील म्हणालात?” रंजनानं विचारलं.

“पाच. कदाचित सहा.”

“आणि ती झाली, की आम्हाला परत घरी बसवणार का?”

“ते मला खरंच माहीत नाही,” शलाका म्हणाली.